हेरोकूवरून लॉग बाहेर पाठवले, पण मधल्या ओळी गायब होतात: नेमकं काय तपासायचं

आधी तुमचा प्रश्न मला समजला तसा लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नाशिकची मालवाहतूक बुकिंगची छोटी कंपनी, जँगोमधलं (पायथन भाषेतलं वेब फ्रेमवर्क) ॲप, हेरोकू या ॲप होस्ट करणाऱ्या सेवेच्या नेहमीच्या कॉमन रनटाइमवर, म्हणजे सामायिक सर्व्हरवर, चालतं. महिन्यापूर्वी तुम्ही लॉग ड्रेन, म्हणजे लॉग बाहेर पाठवायची वाट, लावून सगळे लॉग (ॲप काय करतंय त्याच्या नोंदी) बाहेरच्या मॉनिटरिंग सर्व्हिसला पाठवायला लागलात. आता ट्रकवाल्याचा फोन येतो की बुकिंग अडकलं, पण त्या वेळचा एरर तिकडे सापडतच नाही. जे एरर सापडतात त्यांच्या ट्रेसबॅकची (एरर कोडच्या कोणत्या ओळींतून आला त्याची यादी) प्रत्येक ओळ सुटी पडलेली असते. आणि बिल अंदाजापेक्षा बरंच जास्त आलंय. म्हणून विचारताय, की ही सर्व्हिस सोडून दुसरी घेऊ का.

एवढ्यात नका बदलू. मी दहा-बारा वर्षं हेच काम करतेय आणि माझ्या अनुभवात अशा तक्रारींपैकी बहुतेकांचं मूळ पाठवणाऱ्या बाजूला असतं, सर्व्हिस बदलली की तेच दुखणं नवीन डॅशबोर्डवर दिसतं. तुमच्या केसमध्ये नक्की काय आहे ते लॉग न बघता मी छातीठोक सांगू शकत नाही, पण कुठे बघायचं आणि कोणत्या क्रमाने, ते सांगते.

ड्रेन म्हणजे पाइप, एका टोकाला टाकलं की दुसऱ्या टोकाला सगळं निघतं, असं आपण सगळेच सुरुवातीला धरून चालतो. तसं नाहीये ते. धरणाला सांडवा असतो ना, पाणी पातळीच्या वर गेलं की ते सोडून द्यायचं, भिंतीवर ताण येऊ द्यायचा नाही, तसा सांडवा या व्यवस्थेत मुद्दाम ठेवलाय. हेरोकूमध्ये सगळ्या डायनोंचे (ज्यात ॲप चालतं ते कंटेनर), राउटरचे (बाहेरच्या रिक्वेस्ट डायनोकडे पोचवणारा), ॲडऑनचे (जोडलेल्या इतर सेवा) लॉग लॉगप्लेक्स नावाच्या मधल्या सिस्टिमकडे जातात आणि तिथून प्रत्येक ड्रेनकडे ढकलले जातात. समोरचा घेईपर्यंत न पोचलेल्या ओळी लॉगप्लेक्स मेमरीत धरून ठेवतो, पण किती, तर १०२४. त्यापुढे टाकून देतो. हे ऐकून राग येतो, मलाही आला होता, पण दुसरा पर्याय काय आहे बघा: लॉग घेणारा मंद झाला म्हणून तुमचं ॲपच थांबून राहिलं तर बुकिंगच बंद पडेल. लॉगसाठी धंदा थांबवायचा नाही, हा निर्णय मला पटतो. फक्त तो निर्णय घेतला गेलाय हे माहीत असायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आता पहिली गोष्ट. ओळी टाकल्या की लॉगप्लेक्स तसं लिहूनही ठेवतो. तुमच्या मॉनिटरिंगमध्ये 'एरर एल१०' शोधा. सापडलं तर त्या ओळीत किती मेसेज टाकले आणि कधीपासून, दोन्ही असतं. एल१० चा अर्थ घेणारी बाजू कमी पडली, किंवा तुमच्याकडून अचानक लोंढा आला आणि तेवढ्यात त्याला उरकलं नाही. 'एल१२' सापडलं तर गोष्ट वेगळी, मग तुमचं ॲप इतकं बडबडतंय की डायनोवरूनच ओळी लॉगप्लेक्सपर्यंत पोचत नाहीयेत, आणि तिथे बाहेरची कुठलीही सर्व्हिस आणलीत तरी फरक पडणार नाही. 'एल११' दिसलं तर दुर्लक्ष करा, ते तुमच्यापैकी कोणीतरी टर्मिनलवर लाइव्ह लॉग उघडून ठेवल्यामुळे असतं, ड्रेनशी संबंध नाही. या तीन कोडमधला फरक न बघता लोक आठवडे घालवतात, म्हणून इतकं ठासून सांगतेय.

लोंढा कुठून येतो? ट्रेसबॅकमधून. हेरोकूच्या दृष्टीने आउटपुटची प्रत्येक ओळ हा एक स्वतंत्र मेसेज. जँगोचा ट्रेसबॅक सहज ४० ते ६० ओळींचा असतो. डेटाबेस दोन सेकंद गेला आणि त्यात ३० रिक्वेस्ट पडल्या की ३० गुणिले ५० म्हणजे १५०० मेसेज एका दमात, १०२४ कधीच ओलांडले. म्हणजे बघा, सगळ्यात जास्त गरज ज्या क्षणाच्या लॉगची, नेमके तेच टाकले जातात. तुमची पहिली आणि दुसरी तक्रार इथे एकच होते. ओळी सुट्या पडतात म्हणून वाचता येत नाहीत आणि सुट्या पडतात म्हणूनच हरवतात.

उपाय एकच, एका घटनेची एक ओळ. लॉग जेसनमध्ये (नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा फॉरमॅट) लिहा, ट्रेसबॅक त्यातल्या एका फील्डमध्ये जाऊ दे, आतल्या नव्या ओळी एस्केप होऊन, म्हणजे ओळ न तोडता चिन्हाने लिहून. पायथनमध्ये यासाठी तयार जेसन फॉरमॅटर मिळतात, जँगोच्या सेटिंगमध्ये हँडलरला (लॉग कुठे लिहायचे ते सांभाळणारा भाग) तो फॉरमॅटर लावायचा, अर्ध्या तासाचं काम आहे. एक सांभाळा, हेरोकू १०,००० बाइटच्या वरची ओळ तोडून तुकडे करतो, आणि तुटलेलं जेसन समोरच्याला वाचता येत नाही. म्हणून अख्खा रिक्वेस्ट बॉडी त्यात कोंबू नका आणि ट्रेसबॅक लांब असेल तर शेवटचे, म्हणजे एररच्या जवळचे, ६-७ हजार बाइट ठेवा. मराठी मजकूर लॉगमध्ये जात असेल तर हे आणखी लक्षात ठेवा, देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, आणि जेसनने ते यू-कोडमध्ये एस्केप केलं तर ६. ग्राहकाने पत्त्याच्या रकान्यात लिहिलेला परिच्छेद बघता बघता मर्यादा खातो.

दुसरी गोष्ट, एरर मुळात लिहिला गेला होता का? जँगोत डीबग बंद असताना, म्हणजे प्रॉडक्शनमध्ये, फ्रेमवर्कच्या स्वतःच्या लॉगरचा कन्सोल हँडलर गप्प बसतो आणि एरर ॲडमिन लोकांना ईमेल करायचा प्रयत्न होतो. ॲडमिनची यादी रिकामी असेल, आणि बहुतेक ठिकाणी ती रिकामीच असते, तर तो एरर कुठेच जात नाही. ना ईमेल, ना लॉग. तुम्ही सेटिंगमध्ये लॉगिंगचा भाग स्वतः लिहिला नसेल तर माझा पहिला संशय इथेच. कन्सोल हँडलर स्पष्ट लिहा, रूट लॉगर आणि जँगोचा लॉगर दोन्ही त्याला जोडा. कोणी डीबगसाठी प्रिंट वापरत असेल तर तो मजकूर बफरमध्ये अडकून उशिरा येऊ शकतो आणि डायनो मध्येच मेला तर येणारही नाही, त्यासाठी पायथनचं आउटपुट अनबफर्ड करणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल चालू आहे ना ते बघा, नसेल तर हेरोकूच्या कॉन्फिगमध्ये १ करून टाका. आणि लॉग फाइलमध्ये लिहून मग ती फाइल पाठवू असा विचार डोक्यात आला असेल तर तो सोडा, डायनो साधारण रोज एकदा रीस्टार्ट होतो आणि त्याच्या डिस्कवरचं सगळं जातं.

तिसरी शक्यता, जी मालवाहतुकीसारख्या ॲपमध्ये मला जास्त वाटते: ॲपच्या दृष्टीने एरर झालाच नव्हता. रिक्वेस्टला ३० सेकंदांत उत्तर मिळालं नाही तर हेरोकूचा राउटर ती तोडतो आणि समोरच्याला एरर पेज देतो, याचा कोड एच१२. पण आतला कोड तसाच चालू असतो, कधी बुकिंग पूर्णही करतो. ट्रकवाल्याला दिसलं अडकलं, तुमच्या ॲपच्या लॉगमध्ये सगळं सुरळीत. ही ओळ फक्त राउटरच्या लॉगमध्ये असते. त्यात गनिकॉर्नचाही (जँगो ॲप चालवणारा सर्व्हर) डिफॉल्ट टाइमआउट ३० सेकंदच, दोघांची शर्यत लागते. मी तो २० ते २५ सेकंदांवर आणते, म्हणजे निदान वर्कर टाइमआउटची ओळ आपल्या बाजूला पडते. राउटरच्या प्रत्येक ओळीत रिक्वेस्ट आयडी असतो आणि तोच आयडी हेडरमधून ॲपलाही मिळतो. एक छोटं मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातून जाते असा कोडचा तुकडा) लिहून तो प्रत्येक लॉग ओळीत घाला, मग राउटर काय म्हणतो आणि ॲप काय म्हणतं हे शेजारी शेजारी ठेवता येतं. एवढं एक काम केलंत तरी शोधाशोधीचा निम्मा त्रास जातो.

आणि वेळ. हेरोकूची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), जँगोत टाइमझोन कोलकाता ठेवला असेल तर लॉगमधली वेळ भारतीय. एकाच ओळीत साडेपाच तासांच्या फरकाने दोन वेळा. सकाळी ११:३० ला फोन आला तर यूटीसीमध्ये ०६:०० ला शोधायचं. लॉग फॉरमॅटमधून आपली वेळ काढून टाका नाहीतर तिलाही ऑफसेट लावा, दोन्ही चालेल, पण संदिग्ध ठेवू नका.

हे सगळं झाल्यावर मोजा. अंदाज नको. १ ते १००० आकडे लिहिणारी छोटी स्क्रिप्ट करा, सेकंदाला १० ओळी, आणि तिकडे किती पोचल्या ते मोजा. ही स्क्रिप्ट हेरोकू रनने चालवलीत तर आउटपुट तुमच्या टर्मिनलवर येईल आणि लॉगमध्ये काहीच जाणार नाही, मग तुम्ही ड्रेनला दोष द्याल, म्हणून डिटॅच्ड पद्धतीने चालवा. एकदा शांत वेळी, एकदा गर्दीच्या वेळी. शांत वेळी १००० पैकी १००० आणि गर्दीत ९०० आल्या तर उत्तर मिळालं, लोंढ्यात ओळी टाकल्या जातायत. यातूनच पुढची सवय लावा, ॲपने दर मिनिटाला एक ठरलेली ओळ लिहायची आणि पाच मिनिटं ती आली नाही तर मॉनिटरिंगने फोन वाजवायचा. एरर आले तर कळवा, असे अलर्ट सगळे लावतात. लॉगच यायचे थांबले तर एरर शून्य दिसतात आणि आलेख हिरवागार असतो.

आता एक सांगते, जे मी स्वतः महागात शिकले. काही वर्षांपूर्वी एका कामात आम्ही पेमेंटचे कॉलबॅक आल्यावर त्यांचा तपशील फक्त लॉगमध्ये लिहीत होतो, नंतर लागला तर तिथून काढू म्हणून. लॉग घेणारा सर्व्हर आमचाच, घरी लिहिलेला, आणि तो आलेल्या ओळी डेटाबेसमध्ये साठवून मगच उत्तर द्यायचा. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ट्रॅफिक वाढलं, तो मंदावला, लॉगप्लेक्सने ओळी टाकायला सुरुवात केली आणि ज्यांचे पैसे कापले पण ऑर्डर दिसत नाही अशांचे फोन सुरू झाले. लॉगमध्ये बघायला गेलो तर नेमके तेच नाहीत. शेवटी अकाउंट्सच्या ताईंबरोबर बसून बँकेच्या स्टेटमेंटवरून दोन रात्री एकेक नोंद जुळवली. त्या ताईंचा यात काहीही दोष नव्हता आणि त्यांनी एक शब्द न बोलता केलं ते काम, ते मला अजून लागतं. तेव्हापासून माझा नियम आहे: जी नोंद हरवली तर कोणाचे तरी पैसे किंवा कोणाचा तरी माल अडकेल, ती डेटाबेसच्या टेबलात, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये. लॉग हे घडलेलं समजून घेण्यासाठी. तुमच्याकडे बुकिंगची स्थिती बदलली, ड्रायव्हरला नेमलं, भाडं ठरलं, या नोंदी आज लॉगमध्येच असतील तर सर्व्हिस, ड्रेन, बिल सगळं बाजूला ठेवा आणि आधी हे हलवा.

(त्याच अनुभवातून, कधी स्वतःचा रिसीव्हर लिहिलात तर: आलेलं रांगेत टाका आणि ताबडतोब २०० ('मिळालं' असं उत्तर) परत द्या, प्रक्रिया मागाहून. उत्तर नीट गेलं नाही तर लॉगप्लेक्स तीच बॅच पुन्हा पाठवतो, तेव्हा फ्रेम आयडीच्या हेडरवरून डुप्लिकेट ओळखा. आणि मेसेज सिसलॉगसारखे दिसले तरी आरएफसी ५४२४ या सिसलॉगच्या मानकाशी पूर्ण जुळत नाहीत, स्ट्रक्चर्ड डेटाचा भाग वगळलेला असतो, त्यामुळे काटेकोर पार्सर अडखळतो. व्हेक्टर या लॉग गोळा करून पुढे पाठवणाऱ्या टूलमध्ये हेरोकूसाठी वेगळा सोर्स आहे, ग्राफानाच्या अलॉयमध्येही आहे, ते वापरलेलं बरं.)

बिलाकडे येऊ. हे पूर्णपणे तुमच्या ट्रॅफिकवर आणि सर्व्हिस जीबीवर पैसे घेते की ओळींवर यावर आहे, पण हिशोब कसा करायचा ते दाखवते. समजा सेकंदाला सरासरी १० रिक्वेस्ट. दिवसाला ८,६४,०००. प्रत्येकीमागे राउटरची १ आणि ॲपच्या ४ ओळी, सरासरी ३०० बाइट. म्हणजे दिवसाला ४३,२०,००० ओळी, जवळपास १.३ जीबी, महिन्याला ३९ जीबीच्या आसपास. यात हेल्थ चेक, स्टॅटिक फाइल, 'फंक्शनमध्ये शिरलो', 'फंक्शनमधून निघालो' छापाच्या ओळी किती ते बघा. ॲपच्या ४ ओळींची रिक्वेस्टच्या शेवटी एक भरगच्च जेसन ओळ केली, वेळ किती, कोणता युजर, कोणतं बुकिंग, निकाल काय, तर बिलही उतरतं आणि शोधायलाही सोपं जातं. माझ्या मते हा बदल कुठल्याही सॅम्पलिंगपेक्षा, म्हणजे काहीच ओळी निवडून ठेवण्यापेक्षा, चांगला. राउटरच्या ओळी मात्र हेरोकूच्या ड्रेनमध्ये गाळता येत नाहीत, ड्रेन सगळंच पाठवतो. त्या गाळायच्या असतील तर मध्ये व्हेक्टरसारखं काहीतरी बसवावं लागतं किंवा मॉनिटरिंगच्या बाजूला साठवण्याआधी वगळायची सोय बघावी लागते. मधला टप्पा म्हणजे रात्री दोनला बंद पडू शकणारी आणखी एक गोष्ट, तुमची टीम तीन-चार जणांची असेल तर मी आधी ॲप शांत करीन.

मधला टप्पा मी एकाच कारणासाठी लगेच बसवीन, ते म्हणजे खाजगी माहिती. तुमच्या लॉगमधून ड्रायव्हरचे मोबाइल नंबर, लायसन्स नंबर, ओटीपी तिसऱ्या कंपनीकडे जातायत का ते आजच तपासा. राउटरच्या ओळीत पूर्ण पाथ असतो, प्रश्नचिन्हानंतरच्या भागासकट. पासवर्ड रीसेटचं टोकन किंवा मोबाइल नंबर यूआरएलमध्ये असेल तर तो गेलाच म्हणून समजा, आणि खरा उपाय यूआरएलमधून ते काढणं हाच. शिवाय ड्रेनच्या पत्त्यातच बहुधा सर्व्हिसची की असते आणि ॲपवर ॲक्सेस असलेल्या कोणालाही ड्रेनची यादी मागितली की ती दिसते. कोणी नोकरी सोडून गेलं की ती बदलायची.

भारतातली कंपनी म्हणून आणखी एक. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार आयसीटी (माहिती आणि दळणवळण तंत्रज्ञान) सिस्टिमचे लॉग सरकत्या १८० दिवसांसाठी सुरक्षित ठेवायचे असतात, आणि ठराविक प्रकारच्या सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. हेरोकू स्वतःकडे फक्त शेवटच्या १५०० ओळी ठेवतो, त्याही जास्तीत जास्त आठवडाभर, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहता येत नाही. पण मॉनिटरिंगमध्ये १८० दिवसांचं रिटेन्शन (लॉग साठवून ठेवण्याचा काळ) विकत घेणं हा सगळ्यात महाग मार्ग. ॲपला एकापेक्षा जास्त ड्रेन लावता येतात. मी मॉनिटरिंगमध्ये १५ दिवस ठेवते आणि दुसऱ्या ड्रेनने तेच लॉग कॉम्प्रेस करून ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधल्या एस३ या साठवण सेवेत टाकते, तिथे साठवणं कितीतरी स्वस्त पडतं. तुम्हाला यातलं नेमकं काय लागू होतं ते कायदेशीर सल्लागाराकडून लेखी घ्या.

जाता जाता, तुम्ही कॉमन रनटाइमवर आहात म्हणून मी लॉगप्लेक्सबद्दल लिहिलं. पुढे कधी हेरोकूच्या फर नावाच्या नव्या पिढीवर गेलात तर तिथे हे ड्रेन नाहीत, ओपन टेलिमेट्री या खुल्या मानकावर आधारलेले टेलिमेट्री ड्रेन आहेत, त्यामुळे आत्ता विकत घ्याल त्या सर्व्हिसला ओटीएलपी (त्याच मानकाची माहिती पाठवायची पद्धत) कळतं का एवढं विचारून ठेवा.

आज फक्त दोन गोष्टी करा. एल१० आणि एल१२ शोधा, आणि हजार ओळींची मोजणी शांत वेळी आणि गर्दीच्या वेळी करा. ते आकडे आणि जँगोच्या सेटिंगमधला लॉगिंगचा भाग, त्यातल्या की आणि पासवर्ड काढून, इथे टाकलात तर पुढचं मी नेमकं सांगू शकेन.